ओटावात पहिल्यांदाच स्नोशूइंग: सासू-सासरे आणि मुलांसह कोणती वाट निवडावी?

कानाटावासी यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही कॅनडाची राजधानी ओटावाच्या पश्चिमेला, कानाटा भागात राहतो. माझे सासू-सासरे नाशिकहून सुपर व्हिसावर (येथे राहणाऱ्यांच्या आई-वडिलांना मिळणाऱ्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर) आले आहेत आणि मार्चअखेरपर्यंत आमच्याकडे राहणार आहेत. सासरे ६८ वर्षांचे आहेत. तरुणपणी त्यांनी सह्याद्रीत भरपूर भटकंती केली आहे आणि नाशिकला ते रोज पहाटे फिरायला जातात. येथे मात्र बर्फ पडू लागल्यापासून त्यांचे चालणे जवळजवळ थांबले आहे आणि त्याचा परिणाम त्यांच्या मनावर होताना मला दिसतो. सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि पायऱ्या उतरताना गुडघे दुखतात, परंतु सपाट रस्त्यावर त्या तासभर सहज चालतात. मुले अकरा आणि सात वर्षांची आहेत.

जानेवारीच्या अखेरीस एका शनिवारी सर्वांनी मिळून स्नोशूइंगला, म्हणजे बुटांखाली रुंद चौकटी बांधून बर्फावर चालायला जावे, असे आमच्या मनात आहे. आमच्यापैकी कोणीही स्नोशू कधी पायांत घातलेले नाहीत. गॅटिनो पार्कचे नाव सगळेच घेतात, पण पहिल्या खेपेला तेथे जाणे योग्य ठरेल का, की जवळच्या ग्रीनबेल्टमधील, म्हणजे शहराभोवतीच्या हिरव्या पट्ट्यातील वाटा बऱ्या? स्नोशू विकत घ्यावेत की भाड्याने आणावेत? सासूबाई घरी साडी नेसतात. बाहेर जाण्यासाठी पंजाबी ड्रेस घालायला त्या तयार आहेत, पण त्यावर काय काय चढवावे, हे मला नीट कळत नाही. आणि थंडी किती असली म्हणजे बेत रद्द करावा? अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगितल्यास फार उपकार होतील.

हेमंतवारा यांचे उत्तर

ताई, तुम्ही पहिल्या खेपेला गॅटिनो पार्कला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते उद्यान सुंदर आहे, ३६१ चौरस किलोमीटरांवर पसरलेले आहे आणि मलाही ते अतिशय प्रिय आहे. पण ओटावा नदीपलीकडचा तो सारा प्रदेश कॅनेडियन शील्ड या प्राचीन, कठीण खडकाच्या टेकड्यांचा आहे आणि तेथील बहुतेक स्नोशूच्या वाटांवर चढ-उतार असतात. ज्यांचे गुडघे उतारावर दुखतात त्यांना बर्फातला उतार अधिकच त्रास देतो. शिवाय हिवाळ्यात तेथील वाटा वापरण्यासाठी पास घ्यावा लागतो, आणि एकदा पैसे भरले की थंडी वाजत असूनही अर्ध्यावरून परतायला माणूस राजी होत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाताना मनावर असे कोणतेही ओझे नसावे.

तुमच्या घरापासून थोड्याच अंतरावर ग्रीनबेल्टचा स्टोनी स्वॉम्प हा भाग आहे. १९५० साली झाक ग्रेबेर या फ्रेंच नगररचनाकाराने राजधानीचा जो आराखडा दिला, त्यातून शहराभोवतीचा हा हिरवा पट्टा उभा राहिला. आज तो सुमारे २०० चौरस किलोमीटरांचा आहे, नॅशनल कॅपिटल कमिशन त्याची देखभाल करते आणि त्यातील वाटांवर जाण्यासाठी शुल्क लागत नाही. स्टोनी स्वॉम्पमधील मूडी ड्राइव्हवरून सुरू होणारी जॅक पाइन ट्रेल तुमच्यासाठी मला सर्वांत योग्य वाटते. ती जवळजवळ सपाट आहे, दोन-अडीच किलोमीटरांची आहे आणि एकात एक गुंफलेल्या फेऱ्यांची असल्यामुळे कोणी दमल्यास लहान फेरी घेऊन गाडीपाशी परत येता येते. त्याच परिसरात लाइम किल्न ट्रेलवर एकोणिसाव्या शतकातील चुनाभट्टीचे अवशेष आहेत. गडकोटांवरचे चुन्याचे घाणे पाहिलेल्या तुमच्या सासऱ्यांना ते पाहून निश्चितच आनंद होईल, पण ती वाट दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवावी.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. जॅक पाइनसारख्या लोकप्रिय वाटेवर शनिवार-रविवारच्या गर्दीने बर्फ इतका तुडवला जातो की तेथे स्नोशूची गरजच उरत नाही, साधे हिवाळी बूट आणि घसरू नये म्हणून त्यांखाली बांधायचे धातूचे दात पुरतात. खऱ्या अर्थाने स्नोशूवर चालायचे असेल तर ताजा बर्फ पडून गेल्यानंतरची सकाळ गाठावी. त्यासाठी शनिवारची तारीख आधीपासून पक्की न करता दोन आठवड्यांतला योग्य दिवस हवामान पाहून निवडावा, कारण मऊ बर्फावर पहिली पावले आपली पडतात तेव्हाच या चालण्याचे खरे सुख कळते.

स्नोशू पहिल्या खेपेला भाड्यानेच आणावेत. साहित्याची काही दुकाने ते दिवसाच्या हिशेबाने देतात. ते पायाच्या मापाने निवडत नाहीत. माणसाचे वजन अधिक पाठपिशवीचे वजन, असा हिशेब करून लांबी ठरते, म्हणून दुकानात प्रत्येकाचे वजन सांगावे. यामागचे कारण सोपे आहे. सत्तर किलोंचा माणूस बुटाच्या तळव्यावर उभा राहतो तेव्हा त्याचे सारे वजन जेमतेम पुस्तकाच्या एका पानाएवढ्या जागेवर येते आणि पाय मांडीपर्यंत रुततो. स्नोशूमुळे तेच वजन चार-पाच पट जागेवर पसरते. तरीही तुम्ही बर्फावर तरंगत चालणार नाही. ताज्या बर्फात पाय वीतभर तरी खाली जाणारच, आणि जो पुढे चालतो त्याला वाट पाडण्याचे सर्वाधिक श्रम पडतात. तुम्ही आणि तुमचे पती यांनी आळीपाळीने पुढे चालावे, त्यामागे मुले आणि तयार झालेल्या वाटेवरून शेवटी आई-बाबा, असा क्रम ठेवावा. उत्साहाच्या भरात सासरे पुढे जाऊ पाहतील, तेव्हा त्यांना प्रेमाने मागे ठेवावे.

चालताना पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवून टाकावेत, म्हणजे एका पायाचा स्नोशू दुसऱ्यावर पडत नाही. उलट्या पावलांनी मागे सरकू नये, कारण मागची शेपटी बर्फात रुतून माणूस बसकण मारतो. वळायचे असल्यास लहान लहान पावले टाकत गोल फिरावे. मोठ्यांनी दोन्ही हातांत काठ्या घ्याव्यात आणि त्यांच्या टोकांना बर्फासाठीच्या रुंद चकत्या आहेत ना, हे पाहून घ्यावे. सासूबाईंच्या गुडघ्यांना या काठ्यांचा फार आधार होईल.

ग्रीनबेल्टमध्ये काही ठिकाणी स्कीसाठी दोन समांतर खाचा पाडलेल्या दिसतात. त्यांवर स्नोशू घालून कधीही चालू नये. त्या खाचा कोणीतरी कष्टाने तयार केलेल्या असतात आणि आपल्या चार पावलांनी त्या मोडल्या की मागून येणारा स्कीयर पडू शकतो. वाट सामाईक असेल तर कडेने चालावे आणि वेगाने येणाऱ्याला जागा द्यावी. आपली मंडळी गप्पा मारत रस्ताभर पसरून चालतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

निवृत्त परिचारिका यांचे उत्तर

वाटेविषयी वर जे लिहिले आहे ते मला पूर्णपणे पटते. मी आरोग्याविषयी लिहिते, कारण तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची ओळ रक्तदाबाच्या गोळीची आहे.

थंड हवेत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक जोराने काम करावे लागते. त्याच वेळी स्नोशूवर चालणे हे साध्या चालण्यापेक्षा पुष्कळ अधिक श्रमाचे असते. हे दोन्ही भार एकत्र येतात, म्हणून सासू-सासरे या दोघांनीही जाण्यापूर्वी नाशिकच्या आपल्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घ्यावे आणि सासूबाईंनी सकाळची गोळी चुकवू नये. सुपर व्हिसासाठी घेतलेल्या आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारांविषयी काय लिहिले आहे, हेही एकदा शांतपणे वाचावे. छातीत दडपण, जबडा किंवा हात दुखणे, किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर "थोडे बसू, मग बरे वाटेल" असे न म्हणता लगेच ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा. आपल्या पिढीची माणसे इतरांचा आनंद मोडू नये म्हणून दुखणे लपवतात. म्हणून निघण्यापूर्वीच घरातल्या सर्वांनी ठरवावे की कोणीही "आता परत जाऊ" म्हटले की त्याला कारण विचारले जाणार नाही.

थंडी किती असली म्हणजे जाऊ नये, हे ठरवताना नुसते तापमान न पाहता वाऱ्यासह जाणवणारी थंडी, म्हणजे येथे ज्याला विंड चिल म्हणतात तो आकडा पाहावा. कॅनडाच्या हवामान खात्याच्या कोष्टकानुसार हा आकडा उणे २८ ते उणे ३९ असताना उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, आणि उणे ४० ते उणे ४७ असताना ५ ते १० मिनिटांतच. मी तुमच्या कुटुंबासाठी मर्यादा त्याच्या खूप अलीकडे, उणे १५ वर ठेवीन. ओटावात जानेवारीतील सरासरी किमान तापमानच उणे १४ ते १५ च्या आसपास असते. त्यामुळे भल्या पहाटे निघण्याचा नाशिकचा शिरस्ता येथे सोडावा आणि साडेदहा-अकरानंतर, ऊन वर आल्यावर चालायला सुरुवात करावी.

कपड्यांच्या बाबतीत आपण भारतीय एका गोष्टीत हमखास अडखळतो, ती म्हणजे सुती कपड्यांवरचे प्रेम. सुती कापड घाम शोषून ओलेच राहते आणि चालणे थांबताच अंग गार पडते. त्यामुळे सासूबाईंनी सुती पंजाबी ड्रेसवर जाड कोट चढवू नये. अंगालगत मेरिनो लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारे जॅकेट, असे तीन थर असावेत. खाली थर्मलवर बर्फाची विजार पुरेशी आहे. कुडत्याचा मोह असेलच तर तो गाडीत ठेवून परतल्यावर घालावा. लांब घेर आणि ओढणी यांचे स्नोशूच्या पट्ट्यांशी जमत नाही. मोजे लोकरीचे आणि एकच जोडी असावी. ऊब यावी म्हणून दोन जोड्या कोंबल्या की बूट घट्ट होतो, रक्ताभिसरण कमी होते आणि पाय उलट अधिक गार पडतात. हातांसाठी बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र राहणारे मिटन अधिक उबदार असतात. डोळ्यांवर काळा चष्मा हवाच, कारण निरभ्र दिवशी बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना फार त्रास देते.

गाडीतून उतरताना थोडी थंडी वाजली पाहिजे. सुरुवातीलाच ऊबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम येणार, हे नक्की समजावे. घाम येण्यापूर्वी जॅकेटची चेन उघडावी, थांबताना लगेच लावावी. मुलांच्या आणि आई-बाबांच्या नाकाकडे, गालांकडे आणि कानांच्या पाळ्यांकडे अधूनमधून पाहत राहावे. त्वचा पांढुरकी, मेणासारखी दिसू लागली आणि तेथे संवेदना कमी झाली तर ती चोळू नये, बर्फ तर मुळीच लावू नये. उबदार तळहात त्यावर नुसता धरून ठेवावा आणि परत फिरावे.

थंडीत तहान लागल्याचे जाणवत नाही, तरीही सर्वांनी घोट घोट पाणी प्यावे. बाटली पिशवीत उलटी ठेवावी, कारण पाणी वरून गोठू लागते आणि उलट्या बाटलीचे तोंड मोकळे राहते. थर्मॉसमध्ये आल्याचा चहा आणि संक्रांतीचे उरलेले तिळगूळ सोबत असले म्हणजे सासऱ्यांना घरच्यासारखे वाटेल. तीळ-गुळाचा लाडू थंडीत दगडासारखा होतो, म्हणून तो आतल्या खिशात ठेवावा.

कानाटावासी

आपणा दोघांची मनापासून आभारी आहे. सासऱ्यांना दोन्ही उत्तरे वाचून दाखवली. "डॉक्टरांना आजच फोन करतो" असे ते स्वतःहून म्हणाले, त्यामुळे माझी मोठी काळजी मिटली. सासूबाईंसाठी थर्मल आणण्याचेही ठरले आहे.

आणखी दोन गोष्टी विचारते. धाकट्या मुलाच्या वर्गमित्राने त्याला सांगितले की जॅक पाइनला तळहातावर दाणे धरले की चिकडी पक्षी हातावर येऊन बसतात, आणि तेथे हरणेही जवळ येतात. त्यामुळे तो सूर्यफुलाच्या बिया आणि पोळीचे तुकडे घेऊन जाण्याचा हट्ट धरून बसला आहे. हे योग्य आहे का? दुसरे, सासरे विचारतात की हे स्नोशू मुळात कोणी आणि कशापासून बनवले.

पाऊलखुणा यांचे उत्तर

मुलाचा उत्साह मी समजू शकतो. एवढासा जीव, जेमतेम दहा-बारा ग्रॅम वजनाचा, निर्भयपणे आपल्या बोटावर उतरतो, हा अनुभव मोठ्यांनाही हलवून टाकणारा असतो. तरीही पोळीचे तुकडे नेऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि बियांच्या बाबतीतही वाटेच्या तोंडाशी असलेला सूचनाफलक आधी वाचावा व तो जे सांगेल ते पाळावे. हरणांना तर काहीही देऊ नये. पांढऱ्या शेपटीची ही हरणे हिवाळ्यात डहाळ्या आणि कळ्या खाऊन जगतात आणि त्यांच्या पोटातील जीवाणू त्याच आहाराला सरावलेले असतात. अशा वेळी अचानक मका किंवा पाव पोटात गेला तर कोठ्यात आम्ल वाढून ते हरीण भरल्या पोटी मरू शकते. आपण दयेने दिलेला घास त्याच्या जिवावर उठतो, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे. सात वर्षांच्या मुलाला ते नीट कळते.

दाण्यांच्या ऐवजी मुलांना ठसे शोधण्याचे काम द्यावे. हिवाळ्यातील रान ओसाड वाटते, परंतु रात्रभरात तेथे कोण कोण येऊन गेले, हे बर्फ सकाळी सांगतो, आणि उन्हाळ्यात हे वाचणे जवळजवळ अशक्य असते. सर्वांत आधी ज्याचे ठसे ओळखता येतील तो स्नोशू हेअर हा ससा. तो उडी मारतो तेव्हा मागचे मोठे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात, त्यामुळे दोन लांबट मोठे ठसे पुढे आणि दोन लहान ठसे मागे दिसतात. लोक हमखास त्याची दिशा उलटी समजतात. त्याचे मागचे केसाळ, रुंद पंजे हेच निसर्गाने दिलेले स्नोशू आहेत. दिवस लहान होऊ लागताच त्याचे तपकिरी केस पांढरे होऊ लागतात. हा बदल दिवसाच्या लांबीवर ठरतो, बर्फ पडला की नाही यावर नाही. म्हणून ज्या वर्षी बर्फ उशिरा येतो त्या वर्षी पांढरा ससा तपकिरी रानात दुरूनही उठून दिसतो आणि शिकारी प्राण्यांच्या तावडीत सापडतो. हवामान बदलाची चर्चा आपण आकड्यांत करतो. येथे तिची किंमत एक ससा मोजत असतो.

बर्फावर एखादी बारीक रेघ एका छिद्रातून निघून दुसऱ्या छिद्रात शिरलेली दिसली तर ती व्होल या उंदरासारख्या प्राण्याची किंवा चिचुंद्रीची वाट असते. बर्फाचा थर जाड असला की जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास टिकून राहते. वर उणे २० असताना खाली या जिवांचे बोगद्यांतले सारे जीवन सुरळीत चालू असते, आणि कोल्हा बर्फावर कान देऊन त्यांची चाहूल घेतो. रफ्ड ग्राउस हा कोंबडीएवढा पक्षीही रात्री मऊ बर्फात सूर मारून आतच झोपतो. त्याच्या बोटांच्या कडांना हिवाळ्यापुरते कंगव्यासारखे दाते फुटतात, तेही एक प्रकारचे स्नोशूच. स्नोशू घालून वाट सोडून रानात घुसू नये, याचे एक कारण या झोपलेल्या जिवांचे घर आपल्या पायाखाली येऊ नये, हे आहे.

चिकडी रात्री आपल्या शरीराचे तापमान कित्येक अंशांनी खाली आणून ऊर्जा वाचवते आणि शरद ऋतूत झाडांच्या सालींत लपवलेले हजारो दाणे आठवून शोधून काढते. मुलांनी काही वेळ शांत उभे राहून तिच्यावर लक्ष ठेवले तर ती साल उचकटून काय बाहेर काढते, हे हातावर दाणे न धरताही दिसेल.

तळ्याच्या मध्यभागी काटक्यांचा बर्फाच्छादित ढीग दिसला तर ते बीव्हर या झाडे कुरतडणाऱ्या पाणप्राण्याचे घर असते. त्याच्याजवळ जाण्याचा मोह टाळावा. गोठलेल्या तळ्यावर एकट्या माणसाला चालण्यासाठी पाण्याचा किमान १५ सेंटिमीटर जाडीचा घट्ट बर्फ लागतो, आणि बीव्हरच्या घराभोवती प्राण्यांच्या हालचालीमुळे व झिरपणाऱ्या पाण्यामुळे तो बराच पातळ असतो. वर साचलेल्या भुसभुशीत बर्फामुळे तो पातळपणा डोळ्यांना दिसत नाही.

आता सासऱ्यांच्या प्रश्नाविषयी. आपण ज्या भूमीवर राहतो ती अल्गॉन्क्विन अनिशिनाबे लोकांची आहे, आणि त्यांच्यासारख्या उत्तरेकडील आदिवासी समाजांनी हजारो वर्षांपूर्वीपासून स्नोशू बनवले. हिवाळ्यात शिकार, सरपण आणि प्रवास यांपैकी काहीही त्यांच्यावाचून शक्य नव्हते. पांढऱ्या अ‍ॅश वृक्षाचे लाकूड वाफेवर वाकवून चौकट करायची आणि हरीण किंवा मूस (एक प्रचंड मोठे हरीण) यांच्या कच्च्या कातड्याच्या पट्ट्यांनी ती विणायची, ही मूळ पद्धत. दाट झाडीसाठी आखूड व गोलाकार आणि मोकळ्या मैदानासाठी लांब शेपटीचे, असे प्रदेशानुसार त्यांचे वेगवेगळे घाट आहेत. पुढे फ्रेंच आणि इंग्रज त्यांच्याकडूनच हे शिकले. आज दुकानात मिळणारी अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि तळाचे पोलादी दात सोडले तर मूळ कल्पनेत फारसे काही बदललेले नाही.

दुःखाची बाब अशी की तो अ‍ॅश वृक्षच आता येथून नाहीसा होत आहे. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा आशियातून आलेला हिरवा भुंगेरा ओटावात २००८ साली आढळला आणि त्याने शहरातील व आसपासची असंख्य झाडे मारली. साल सोललेला, आत नागमोडी नक्षी कोरलेला मृत खोड दिसला तर सासऱ्यांना तो जरूर दाखवावा. त्या नक्षीतून अळीने अन्नरसाची वाट कशी तोडली, हे हाताने चाचपून कळते.

हेमंतवारा

ताई, एक पुरवणी. जानेवारीच्या अखेरीस सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्याच्या बरेच आधी अंधारून येते. त्यामुळे अकराला निघालात तर दोन वाजता, कितीही मजा येत असली तरी, गाडीपाशी असावे. फोन आतल्या खिशात अंगालगत ठेवावा, थंडीत बॅटरी अचानक उतरते. वाटेच्या नकाशाचे छायाचित्र आधीच काढून ठेवावे. आणि सर्वांचे स्नोशू आदल्या रात्री घरात, उबेत, एकदा घालून व काढून पाहावेत, कारण उघड्यावर गोठलेल्या बोटांनी ते पट्टे पहिल्यांदा लावणे मुलांना आणि सासूबाईंना फार जड जाईल. आई-बाबांना हे जमले आणि आवडले, तर फेब्रुवारीत त्यांना शहराच्या पूर्वेकडील मेर ब्ल्यू पाणथळीवर न्यावे. १९९५ सालापासून ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे रामसर स्थळ आहे, सुमारे सव्वा किलोमीटरची लाकडी फळ्यांची वाट बहुतांशी सपाट आहे, आणि तेथे स्नोशूंवाचून, साध्या बुटांवरही सासूबाई आरामात चालू शकतील.